शब्द कुठे तोडावा, हे संगणकाला कसे सांगावे?

इतिहासाच्या एखाद्या पुस्तकात, अरुंद स्तंभात, पुढील मजकूर छापला आहे अशी कल्पना करा :

पुण्याजवळचे पा-
नशेत धरण १२ जुलै
१९६१ रोजी फुटले.

वर्गात हा धडा मोठ्याने वाचणारा विद्यार्थी दुसऱ्या ओळीपाशी अडखळेल आणि वर्गात हशा पिकेल. ज्या दिवशी पुणे शहरावर महापुराचे संकट कोसळले, त्या दिवसाचे वर्णन हशाचा विषय होऊन बसेल. यात दोष लेखकाचा नाही आणि वाचणाऱ्याचाही नाही. शब्द जेथे तोडायला नको होता तेथे तो तोडला गेला, एवढेच घडले. 'पान-शेत' असा तोडला असता तर कोणाच्या लक्षातही आले नसते.

शब्द तोडण्याचे हे काम पूर्वी छापखान्यातला जुळारी करीत असे. शिशाचे खिळे एकेक करून पट्टीत बसवताना ओळ भरत आली की तो शब्द मनात उच्चारून पाही आणि योग्य जागी तोडून संयोगचिन्हाचा खिळा लावी. आज पुस्तकाची जुळणी संगणकावर होते. संगणकाला मराठी येत नाही. मग पानशेत कुठे तोडायचे हे त्याला कोण सांगते, आणि कसे सांगते? या लेखात आपण तेच पाहणार आहोत.

ओळ म्हणजे स्प्रिंगांची माळ

आधी एक साधी शंका दूर करू. शब्द तोडायचाच कशाला? मावला नाही तर पूर्ण शब्द पुढच्या ओळीत न्यावा.

तसे करता येते. परंतु पुस्तकातील ओळींच्या दोन्ही कडा सरळ हव्या असतील, तर मोठा शब्द खाली गेल्याने जी जागा रिकामी राहते ती उरलेल्या शब्दांमध्ये वाटून द्यावी लागते. शब्दांमधील फटी रुंदावतात. अशा चारपाच ओळी एकाखाली एक आल्या की त्या फटी जुळून पानावर पांढरे ओघळ दिसू लागतात आणि नजर शब्दावरून शब्दावर जाण्याऐवजी त्या ओघळांत घसरते. नुकतेच वाचायला शिकलेल्या मुलाला याचा त्रास सर्वांत जास्त होतो.

मराठीत ही अडचण हिंदीपेक्षा मोठी आहे. हिंदीत 'विद्यालय में' असे दोन सुटे शब्द लिहितात. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. 'विद्यालयामध्ये', 'विद्यालयांमधल्याप्रमाणे' असे लांबलचक शब्द आपण सहज लिहून जातो. शब्द जितका लांब, तितकी ओळीच्या शेवटी उरणारी फट मोठी.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ साली या प्रश्नात लक्ष घातले. त्यांच्या संगणकशास्त्रावरील ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते हाती आली, ती त्यांना इतकी बेढब वाटली की त्यांनी जुळणी करणारी स्वतःची आज्ञावलीच लिहायला घेतली. तिचे नाव 'टेक'. गणित आणि भौतिकी या विषयांचे शोधनिबंध जगभर आजही मोठ्या प्रमाणात तिच्याच साहाय्याने जुळवले जातात. ओळी पाडण्याची तिची रीत कनूथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ साली प्रसिद्ध केली. भौतिकी शिकणाऱ्याला ती चटकन समजेल अशी आहे.

प्रत्येक शब्द ही एक ताठ पेटी समजा. दोन पेट्यांमधली फट ही एक स्प्रिंग. या स्प्रिंगची एक नैसर्गिक लांबी असते. ती काही प्रमाणात ताणता येते, काही प्रमाणात दाबता येते. ओळीतल्या सर्व स्प्रिंगा सारख्याच असल्याने हूकच्या नियमातल्याप्रमाणे ताण सर्वांत सारखा वाटला जातो. आता 'जितकी जागा भरून काढायची आहे' भागिले 'जितके ताणणे सोयीचे आहे' हे गुणोत्तर काढा. त्याला 'ग' म्हणू. ओळीचा बेढबपणा कनूथ यांनी असा मोजला :

बेढबपणा = १०० × ग × ग × ग

गुणोत्तराचा घन घेतल्यामुळे थोडासा ताण जवळजवळ खपून जातो, पण जास्त ताण झपाट्याने महाग पडतो. 'ग' अर्धा असेल तर बेढबपणा १२.५, एक असेल तर १००, आणि दोन असेल तर एकदम ८००! या बेढबपणात १० मिळवून बेरजेचा वर्ग करतात. शब्द तोडला असेल तर ५० चा वर्ग, म्हणजे २५००, दंड म्हणून त्यात आणखी मिळवतात. जो आकडा येतो तो त्या ओळीचा एकूण दोष. सबंध परिच्छेदातील ओळींच्या दोषांची बेरीज कमीत कमी व्हावी अशा रीतीने 'टेक' ओळी पाडते.

एक उदाहरण सोडवू. ओळ ४५ मिलिमीटर रुंद आहे. तीत मावलेल्या पाच शब्दांनी ३३ मिलिमीटर घेतले. चार फटी, प्रत्येकी नैसर्गिक लांबी १.५ मिलिमीटर, म्हणजे एकूण ६. बेरीज झाली ३९. सहा मिलिमीटर कमी पडतात. प्रत्येक फट ०.७५ मिलिमीटरपर्यंत सोयीने ताणता येते, म्हणजे चार फटी मिळून ३. तेव्हा ग = ६ ÷ ३ = २, बेढबपणा ८००, आणि एकूण दोष ८१० चा वर्ग म्हणजे ६,५६,१००.

आता पुढचा शब्द 'पानशेत' आहे असे समजा. तो तोडून 'पा-' एवढा भाग (४ मिलिमीटर) या ओळीत घेतला तर एक फट वाढते आणि बेरीज ४४.५ होते. केवळ अर्धा मिलिमीटर भरून काढायचा, पाच फटींची सोय ३.७५ ची. बेढबपणा जवळजवळ शून्य. एकूण दोष १० चा वर्ग अधिक २५००, म्हणजे २६००.

'पान-' (५.६ मिलिमीटर) घेतला तर बेरीज ४६.१ होते. फटी १.१ मिलिमीटरने दाबाव्या लागतात. प्रत्येक फट ०.५ पर्यंत दाबता येते असे धरले तर पाच फटींचे २.५; ग = ०.४४, बेढबपणा सुमारे ९, एकूण दोष १९ चा वर्ग अधिक २५००, म्हणजे २८६१.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, शब्द तोडल्याने दोष साडेसहा लाखांवरून अडीच-तीन हजारांवर आला. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. गणिताच्या दृष्टीने 'पा-नशेत' हे 'पान-शेत' पेक्षा सरस ठरले! गणिताला फक्त लांबी-रुंदी कळते. 'नशेत' म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसते. म्हणून तोडण्याच्या कोणत्या जागा वर्ज्य आहेत, हे भाषा जाणणाऱ्याने आधीच सांगून ठेवावे लागते.

शब्दकोश की साचे?

सांगायचे कसे? सर्वांत सरळ उपाय म्हणजे भाषेतील सगळे शब्द तोडून त्यांची यादी संगणकाला देणे. पण मराठीत 'घर' या एका शब्दाचीच घरात, घराला, घरापासून, घराबाहेरच्या अशी कितीतरी रूपे होतात. शिवाय नवे शब्द रोज जन्माला येतात. मुळशी तालुक्यात वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी वसवलेल्या 'लवासा'चेच पाहा. हे नाव या शतकात ठेवलेले. जुन्या कोणत्याही शब्दकोशात ते सापडायचे नाही. यादीवर विसंबणारा संगणक अशा शब्दापाशी येऊन थांबेल.

कनूथ यांचे विद्यार्थी फ्रँक लियांग यांनी १९८३ साली आपल्या प्रबंधात एक सुंदर उपाय मांडला. सबंध शब्द लक्षात ठेवण्याऐवजी शब्दांचे लहान लहान तुकडे, म्हणजे साचे, लक्षात ठेवायचे. साच्यातील अक्षरांच्या मध्ये अंक लिहायचे. अंक विषम असेल तर 'येथे तोडायला हरकत नाही'; सम असेल तर 'येथे तोडू नये'. एकाच जागी दोन साच्यांचे दोन अंक आले तर जो मोठा असेल तो खरा.

म्हणजे १ हा सर्वसाधारण नियम, २ हा त्याला अपवाद, ३ हा अपवादाला अपवाद, अशी ही उतरंड आहे. व्याकरणात आपण 'परंतु' आणि 'तरीसुद्धा' म्हणतो, तेच येथे अंक म्हणतात. लियांग यांनी पाच पायऱ्या वापरल्या. एका छोट्या इंग्रजी शब्दकोशातील तोडलेल्या शब्दांवरून संगणकानेच साचे शोधून काढले. ४४४७ साचे पुरले. त्यांच्या साहाय्याने त्या कोशातील तोडण्याच्या जागांपैकी ८९ टक्के जागा सापडत आणि चुकीची जागा जवळजवळ कधीच निघत नसे. उरलेल्या ११ टक्के जागा सुटल्या तरी बिघडत नाही. एखादी जागा न सापडणे हा लहान दोष; चुकीच्या जागी तोडणे हा मोठा.

या रीतीचा सर्वांत मोठा गुण असा, की साचे हे आज्ञावलीपासून वेगळे असतात. साच्यांची साधी यादी बदलली की तीच आज्ञावली दुसरी भाषा तोडू लागते. म्हणूनच चाळीस वर्षे उलटून गेल्यावरही ही पद्धत टिकून आहे. 'टेक'साठी निरनिराळ्या भाषांच्या साच्यांच्या याद्या युनिकोड लिपिसंकेतात एकत्र आणण्याचे काम २००८ च्या सुमारास मोय्त्सा मिक्लावेत्स आणि आर्थर रॉयटेनाउअर यांनी हाती घेतले. 'लिब्रे ऑफिस' ही मुक्त लेखनप्रणालीही लियांग यांचीच रीत वापरते.

मराठीची यादी

या यादीत मराठीचा प्रवेश २०१० च्या सुमारास झाला. हे काम केले केरळातील अभियंते संतोष तोट्टिंगल यांनी. त्यांची मातृभाषा मल्याळम. पण भारतीय लिप्यांची ठेवण सारखी असल्याचा फायदा घेऊन त्यांनी हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली, कन्नड, तेलुगू, तमिळ अशा अनेक भाषांचे साचे तयार करून सर्वांना मोफत खुले केले.

इंग्रजीला हजारो साचे लागले. मराठीच्या मूळ यादीत शंभरही नाहीत. याचे श्रेय आपल्या लिपीला. देवनागरीत व्यंजन, त्याची मात्रा आणि जोडाक्षर यांचा मिळून एक घट्ट गट बनतो. त्याला आपण 'अक्षर' म्हणतो. जुन्या पोथ्यांमध्ये शब्द एकापुढे एक सलग लिहीत आणि ओळ संपली की कोणत्याही अक्षरानंतर, कसलेही चिन्ह न देता, पुढच्या ओळीत जात. एकच बंधन असे : अक्षर फोडायचे नाही. तेच बंधन साच्यांच्या भाषेत असे मांडता येते :

(१) प्रत्येक व्यंजनाच्या आधी १. म्हणजे व्यंजनापूर्वी तोडता येईल.
(२) प्रत्येक मात्रेच्या आधी २ आणि नंतर १. मात्रा व्यंजनापासून तोडता येणार नाही. तिच्यानंतर तोडता येईल.
(३) अनुस्वार व विसर्ग यांच्या आधी २, नंतर १.
(४) हलन्ताच्या म्हणजे पाय मोडण्याच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना २. जोडाक्षर फुटणार नाही.
(५) अ, आ, इ यांसारख्या स्वतंत्र स्वरांच्या दोन्ही बाजूंना १.

'राष्ट्र' हा शब्द घेऊन ताळा करू. संगणक तो सात चिन्हांत साठवतो : र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. सात चिन्हांमध्ये सहा फटी. र आणि काना यांच्यामध्ये २, तोडू नये. काना आणि ष यांच्यामध्ये काना म्हणतो १, ष म्हणतो १, तोडावे. ष आणि हलन्त यांच्यामध्ये २. हलन्त आणि ट यांच्यामध्ये ट म्हणतो १, पण हलन्त म्हणतो २. मोठा अंक जिंकला, तोडू नये. पुढच्या दोन्ही फटींत असेच २. म्हणजे एकच जागा उरली : रा-ष्ट्र. बरोबर!

'दुसऱ्या' यातील अर्ध्या र साठीही सोय आहे. हा र काही जण र, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह अशा तीन कळांनी लिहितात. त्या न दिसणाऱ्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंनाही यादीत २ लिहून ठेवलेले आहेत.

आता पुण्याहून लवासाला जाऊ

नियम किती पुरे पडतात हे पाहायचे तर खरे शब्द हवेत. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही पुण्याला पाणी पुरवणाऱ्या चार धरणांची नावे. मुळशी हा तालुका. दासवे आणि मुगाव ही लवासाच्या परिसरातील गावे. एवढी नावे परीक्षेला पुरेत.

'लवासा' वरील नियमांनी ल-वा-सा असा सुटतो. कधी न पाहिलेला शब्द, तरी चूक नाही. साच्यांची ताकद येथे दिसते. 'मुगाव' याच नियमांनी मु-गा-व असा सुटतो. पण 'खडकवासला' घ्या. ख, ड, क, वा, स, ला अशी सहा अक्षरे, म्हणून पाच जागा. त्यांत 'खड-कवासला' आणि 'खडकवा-सला' याही आल्या! तसेच 'टे-मघर', 'वर-सगाव', 'दा-सवे', 'मु-ळशी' आणि आपले 'पा-नशेत'. लिपीच्या दृष्टीने यात काहीच वावगे नाही. कानाला मात्र हे सारे खटकते. का बरे?

कारण आपण लिहितो तसे बोलत नाही. 'पानशेत' लिहिताना न पूर्ण लिहितो, पण उच्चार 'पान्-शेत्' असा करतो. न मधला आणि त मधला 'अ' गळून पडतो. संस्कृतात तो उच्चारला जातो. मराठी, हिंदी यांसारख्या भाषांत तो ठरावीक जागी गळतो. हिंदीतील या अ-लोपाचा नियम मंजरी ओहाला या भाषाशास्त्रज्ञ विदुषींनी बारकाईने अभ्यासला आहे. मराठीसाठी तो ढोबळपणे असा मांडता येईल :

शब्दाच्या शेवटाकडून सुरुवातीकडे चला. शेवटचे अक्षर बिनमात्रेचे सुटे व्यंजन असेल तर त्याचा 'अ' गळतो. मग मागे येत चला. एखादे बिनमात्रेचे सुटे व्यंजन दोन उच्चारित स्वरांच्या मध्ये सापडले की त्याचाही 'अ' गळतो. शब्दाचे पहिले अक्षर, जोडाक्षर, तसेच अनुस्वारानंतरचे अक्षर यांचा 'अ' गळत नाही.

ज्याचा 'अ' गळला ते व्यंजन एकटे उभे राहू शकत नाही; ते मागच्या अक्षराला टेकते. म्हणून त्याच्या आधी तोडायचे नाही.

'खडकवासला' या नियमात बसवू. ला ला मात्रा आहे. स सुटा, मागे वा, पुढे ला. 'अ' गळला, तेव्हा 'वास' एकत्र. वा ला मात्रा आहे. क सुटा, मागे ड चा अ, पुढे वा. गळला, तेव्हा 'डक' एकत्र. ड च्या पुढे आता स्वर उरला नाही, म्हणून ड चा 'अ' टिकला. उत्तर : ख-डक-वास-ला. पाच जागांपैकी तीन राहिल्या, आणि नेमक्या कानाला पटणाऱ्या राहिल्या. याच रीतीने पान-शेत, टेम-घर, दास-वे, मुळ-शी आणि व-रस-गाव. 'संगणक' मात्र सं-ग-णक असाच राहतो, कारण ग च्या मागे अनुस्वार आहे.

ओळीच्या शेवटी किंवा सुरुवातीला एकटे अक्षर उरणेही बरे दिसत नाही. म्हणून प्रत्येक भाषेसाठी 'सुरुवातीला निदान इतकी चिन्हे, शेवटी निदान इतकी' अशी मर्यादा ठरवतात. इंग्रजीसाठी 'टेक' २ आणि ३ धरते. मोबाइल फोनांच्या अँड्रॉइड प्रणालीत भारतीय भाषांसाठी दोन्ही बाजूंना २ ही मर्यादा घातलेली आहे. त्यामुळे 'ल-वासा', 'ख-डकवासला' आणि 'व-रसगाव' टळतात. परंतु 'पा' हे आपल्या लेखी एक अक्षर असले तरी संगणकाच्या लेखी दोन चिन्हे आहेत. म्हणून केवळ या मर्यादेने 'पा-नशेत' टळत नाही. त्याला अ-लोपाचाच नियम हवा.

नियम जेथे हरतो

हा नियम साच्यांत उतरवता येईल का? शब्दान्ताचा भाग सोपा आहे. साच्यात टिंब म्हणजे शब्दाची कड. '२त.' असा साचा लिहिला की शेवटच्या सुट्या त च्या आधी तोडणे बंद झाले. अशी सुमारे ३४ व्यंजने, म्हणून ३४ साचे. मधल्या 'अ' साठी '२सला', '२नशे' असे साचे लागतील. ३४ व्यंजने, त्यांपुढची ३४ व्यंजने आणि सुमारे १० मात्रा यांचा गुणाकार ११,५६० होतो. आजच्या संगणकाला हे जड नाही.

पण थोडे थांबा. 'लोकसभा' हा शब्द आपल्या नियमात घालून पाहा. भा ला मात्रा. स सुटा, मागे क चा अ, पुढे भा. नियम म्हणतो 'अ' गळला. मग क चा 'अ' टिकला. उत्तर आले लो-कस-भा! हे उघड चूक आहे. आपण 'लोक्-सभा' म्हणतो, कारण हा 'लोक' आणि 'सभा' यांचा समास आहे आणि 'सभा'तला पहिला स पूर्ण उच्चारावा लागतो. तसेच 'महासमाधी' आणि 'प्रगती' या शब्दांचे. नियम त्यांना 'महास-माधी' आणि 'प्रग-ती' करून टाकतो.

येथे लियांग यांची उतरंड उपयोगी पडते. 'लो२क३स४भा' असा एकच साचा लिहा. लो आणि क यांच्यामध्ये २, तोडू नये. क आणि स यांच्यामध्ये आधीचा २ होता, पण आता ३ आला, तोडावे. स आणि भा यांच्यामध्ये १ होता, तेथे ४ आला, तोडू नये. उत्तर : लोक-सभा. 'प्र३ग४ती' या साच्याने प्रगतीही सावरते.

प्रश्न एवढाच, की असे अपवाद आहेत किती, आणि कोणकोणते? हे गणिताने काढता येत नाही. मराठी बोलणाऱ्याने हजारो शब्द हाताने तोडून दाखवले, तरच संगणकाला त्यांतून साचे शिकता येतील. ही यादी जितकी मोठी आणि निर्दोष, तितके साचे चांगले. भाषेचे ज्ञान यंत्रात आपोआप उतरत नाही. कोणाला तरी बसून ते लिहावे लागते. मराठीची पहिली यादी एका मल्याळी माणसाने लिहून दिली. तिच्या पुढची पायरी मराठी कान असलेल्यांनीच चढायची आहे.

हीच गोष्ट आणखी लहान भाषांना लागू आहे. मुळशीच्या डोंगरांत कातकरी वस्त्या आहेत. कातकरी बोली देवनागरीत लिहिली तर अक्षर न फोडण्याचे पहिले पाच नियम तिला तसेच लागू पडतील, कारण ते लिपीचे नियम आहेत. 'अ' कोठे गळतो हे मात्र ती बोली बोलणाऱ्यालाच विचारावे लागेल. नवी भाषा जोडण्याचे काम म्हणूनच दोन भागांचे असते. संगणकाचा भाग लहान : भाषेचा संकेत ठरवणे, साच्यांची यादी देणे, दोन्ही टोकांच्या मर्यादा सांगणे, अपवाद नोंदवणे आणि चाचणी घेणे. भाषेचा भाग मोठा, आणि त्याला विद्यापीठाची पदवी लागत नाही. लागतो तो नीट ऐकणारा कान.

करून पाहा

(१) तुमच्या गावाचे व आजूबाजूच्या दहा गावांची नावे लिहा. प्रत्येक नाव आधी केवळ अक्षरांच्या नियमाने आणि मग अ-लोपाच्या नियमाने तोडा. किती जागा गळल्या ते मोजा. नियम कोठे चुकला तर त्याचे कारण शोधा. नाव समासाने बनले आहे काय?

(२) 'नगरपालिका', 'चमचा', 'उपयोग' आणि 'राज्यसभा' हे शब्द दोन्ही नियमांनी तोडा. यांतल्या एका शब्दापाशी अ-लोपाचा नियम फसतो. तो कोणता? त्याच्यासाठी साचा लिहा.

(३) शिक्षकांसाठी : वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकातील एकेक पान वाटून द्यावे. त्याने चारपेक्षा जास्त अक्षरांचे शब्द निवडून, मोठ्याने उच्चारून, तोडावेत. दोन विद्यार्थ्यांनी एकच पान वेगवेगळे तोडावे आणि मतभेद फळ्यावर लिहावेत. चाळीस विद्यार्थी आणि प्रत्येकी पन्नास शब्द धरले, तर एका तासात दोन हजार शब्दांची नोंद होते. प्रत्येक पान दोघांनी तोडल्यामुळे हजार शब्द तपासून झालेले असतात. त्या वहीत व्याकरण आहे, उच्चारशास्त्र आहे आणि संगणकाला लागणारी सामग्रीही आहे.

उत्तर (२) : न-गर-पा-लि-का, चम-चा, उप-योग. फसणारा शब्द 'राज्यसभा'. नियम 'राज्यस-भा' असे तोडतो. त्यासाठी साचा : ज्य३स४भा.